सुपातला चोविसावा दाणा

सुगंधाबाईनं त्या सकाळी ज्वारीचा एक दाणा गिळला आणि ठाकऱ्या भगताच्या घरातली एकोणीस वर्षांची झाकली मूठ उघडली. एका दाण्यानं काय एवढं होतंय, असं तुम्ही म्हणाल. थांबा जरा, सांगतो.

चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. पावसावरची चार बिघे ज्वारी, उन्हाळ्यात मोहाची फुलं, उरलेले दिवस खालच्या केळीच्या मळ्यांत मजुरी. आणि ठाकऱ्या गावाचा भगत. कुणाची म्हैस हरवो, कुणाला घर बांधायचं असो, आजारी माणूस दवाखान्यात न्यायचा की नाही हे ठरवायचं असो, लोक त्याच्या ओट्यावर येऊन बसायचे. तो सुपात चिमूटभर ज्वारी टाकायचा, डोळे मिटून डोंगरातल्या देवांची नावं घ्यायचा आणि मग दोन-दोन दाणे बोटानं बाजूला सारायचा. सगळ्यांच्या जोड्या लागल्या की 'जोडा', म्हणजे देव हो म्हणाला. शेवटी एक उरला की 'एकला', म्हणजे नाही. त्यावर ब्र काढायची कुणाची टाप नव्हती.

सूप धरायचं काम सुगंधाबाईचं, लग्न होऊन आली तेव्हापासून. त्यामुळे झालं काय, की तिची नजर अशी काही तयार झाली, की दाणे सुपात पडले रे पडले की तिला आकडा कळायचा. ठाकऱ्या देवांची नावं घेत असायचा आणि हिला निकाल आधीच ठाऊक! पण तिनं कधी तोंड उघडलं नाही, की दाण्याला बोट लावलं नाही.

त्या सकाळचा प्रश्न मात्र तिच्या नातीचा होता. मोनालीचा, म्हणजे तिच्या थोरल्या मुलाच्या, सुकलालच्या पोरीचा. मोनालीचा धुळ्याला नर्सिंगला नंबर लागला होता. त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत सगळे मूळ दाखले घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. फाट्यावरून एसटी साडेनऊला. पोरीची पिशवी भरून दाराशी ठेवलेली, आणि सुकलाल हटून बसलेला, की आबांनी दाणे पाहिल्याशिवाय पोर उंबरा ओलांडणार नाही. आता या सुकलालला काय म्हणावं! चाळिशीला आला तरी आंघोळ करू का हेसुद्धा बापाला विचारील.

सुगंधाबाईनं मात्र पहाटे भाकरी थापतानाच ठरवून टाकलं होतं. पोर जाणार. देव काहीही म्हणो.

कारण तिला वना आठवत होता. तिचा धाकटा, नऊ वर्षांचा. एकोणीस वर्षांपूर्वी, भर भादव्यात, तापानं फणफणला. चोपड्याच्या डॉक्टरनं धुळ्याला न्या म्हणून सांगितलं, चिठ्ठीसुद्धा लिहून दिली. ठाकऱ्यानं दाणे टाकले. पोरगं मांडीवर होतं म्हणून त्या एका वेळी सूप शेजारणीनं धरलं. एकला आला. तिसऱ्या दिवशी वना गेला. तेव्हापासून ठाकऱ्या धुळ्याला कधी गेला नाही. लग्न असो, कोर्टाचं काम असो, चोपड्याच्या बाजाराच्या पुढं त्याचं पाऊल पडलं नाही. गावाला वाटायचं, भगताला शहराचा विटाळ होत असेल.

तर ठाकऱ्यानं दाणे टाकले. सुगंधाबाईनं पाहिलं. तेवीस.

तेवीस म्हणजे एकला. समोर मोनाली हात जोडून बसलेली, ओठ पांढरे पडलेले. ठाकऱ्याचे डोळे मिटलेले, सुकलालचेही. सुगंधाबाईनं एका हातानं सूप सावरलं, दुसऱ्या हाताच्या बोटानं एक दाणा टिपला आणि तोंडात टाकला. चावलासुद्धा नाही. मोनालीनं ते पाहिलं, आणि पोर शहाणी, तिनंही डोळे घट्ट मिटून घेतले.

ठाकऱ्यानं डोळे उघडले. पद्धतीप्रमाणे सुपाला खालून टिचकी मारली. आणि काय सांगू तुम्हाला, सुपाच्या विणीत अडकून बसलेला एक दाणा टुणकन उडून बाकीच्यांत येऊन पडला!

दोन, चार, सहा... बोट सरकत गेलं. बावीस. एक उरला.

"एकला," ठाकऱ्या म्हणाला.

सुकलालनं सुस्कारा टाकला आणि खिशातून मोबाइल काढला. "कॉलेजले सांगी देस. पोर येत नही म्हनीसन."

"ठेव तो फोन!" सुगंधाबाई ओरडली. "एक दाना मी खाई टाका."

तिनं सुपाकडे बोट दाखवलं.

"माले तेवीस दिसनात. एकला येई म्हनीसन मी एक गिळी टाका. हाऊ सुपमां दपेल व्हता, माले काय ठाऊक?"

सुकलालनं बोटांवर हिशोब केला आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे चोवीस व्हतात! माय, मग तर जोडाच शे ना! देवनं हो म्हनेल शे. ऊठ मोनाली, गाडी निंघी जाई!"

झालं की! पोर सुटली होती, देवही राजी, बापही राजी. दुसरी कुणी असती तर हात जोडून गप्प बसली असती. पण सुगंधाबाईला त्या क्षणी असा संताप आला, की तिनं सूप उचलून अंगणात उपडं केलं. कोंबड्या धावल्या.

"नही. पोर जोडावर जावाव नही," ती म्हणाली. "एकला ऱ्हाता, तरी ती गयीच असती. तिले जानं शे, आनि माले तिले धाडनं शे. येवढंच. देवले मधमां आनू नको."

"सुगंधा," ठाकऱ्या हळूच म्हणाला.

"तू बोलू नको. वनाना वखतले तू एकला सांगा आनि मी गप बसनी. चिठ्ठी मना हातमां व्हती, पोऱ्या मना मांडीवर. उचलीसन निंघनं व्हतं ते मी बसी राह्यनी. ते पाप मनंच शे. आते पुन्हा नही."

बोलता बोलता ती रडायला लागली. एकोणीस वर्षांत तिनं हे कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं, वनाच्या थोरल्या भावाजवळसुद्धा नाही. मोनाली तिच्याजवळ सरकली.

ठाकऱ्या अंगणात कोंबड्यांकडे बघत होता. मग म्हणाला, "तुनं नही ते पाप."

"मग कोनं?"

"त्या दिन जोडा व्हता."

सुगंधाबाईला आधी कळलंच नाही.

"जोडा व्हता, सुगंधा. एक दाना मी उचला. मुठमां धरी ठेवा." त्यानं उजव्या हाताची मूठ पुढं केली, जणू दाणा अजून तिथंच होता. "माले भ्याव वाटनं. धुळानं."

मग तो तुटक तुटक सांगत गेला. त्याच्या आदल्या वर्षी त्यानं भावाला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं होतं. या खिडकीवरून त्या खिडकीवर नुसती हाकलाहाकल. कुणी विचारलेलं समजायचं नाही, कागदावर काय लिहिलंय ते कळायचं नाही, आणि ज्याच्यापुढं सारं गाव मान खाली घालतं तो भगत तिथं भिंतीला टेकून रडत उभा होता. भाऊ जिवंत परतला नाही. पुन्हा तिथं जायची त्याची छातीच झाली नाही. गावाला कसं सांगणार, भगत घाबरला म्हणून? देवावर टाकलं.

सुगंधाबाई त्याच्याकडे बघत राहिली. ती मारील तेवढे जोडे खायला तो तयार होता, हे तिला दिसत होतं. पण तिनं हात उचलला नाही, शिवी दिली नाही. पदरानं तोंड पुसलं, पदर खोचला आणि मोनालीची पिशवी खांद्याला लावली.

"माय, मी जास ना तिनासंगे," सुकलाल म्हणाला.

"तू बैलस्ले पानी दाखाड. मी जास. धुळानी वाट माले देखनी शे."

फाटा अर्ध्या कोसावर. दोघी झपाझप चालल्या. मोनाली मध्येच म्हणाली, "आजी, आबा मागून येताहेत." सुगंधाबाईनं वळून पाहिलं नाही.

एसटी आली तेव्हा ठाकऱ्या धापा टाकत पोचला. पायात चप्पल नाही, डोक्याला पागोटं नाही. दोघी चढल्या. तो खाली, दांडीला हात लावून उभा.

"सुगंधा, मी बी येऊ का?"

इतकी वर्षं ज्याला गाव विचारत होतं, तो आता हिला विचारत होता. हो म्हणणं सोपं होतं, नाही म्हणणं त्याहून सोपं.

"माले इचारू नको," ती खिडकीतून म्हणाली. "तुनं तू ठराव."

ठाकऱ्याचा हात सवयीनं सदऱ्याच्या खिशाकडे गेला, जिथं ज्वारीची पुरचुंडी असायची. तिथंच थांबला. कंडक्टर खेकसला, "आबा, चढा नाहीतर बाजूला व्हा. मला घंटी मारायची आहे."

गाडी सुटली तेव्हा सुगंधाबाई सरळ समोर बघत होती. मागच्या सीटवर कुणीतरी धपकन बसल्याचं तिला कळलं. बसणाऱ्याच्या धापेवरून तिनं माणूसही ओळखला. तिनं मान वळवली नाही. त्याच्याशी बोलायचं होतंच, पुष्कळ बोलायचं होतं, पण आधी पोरीचा प्रवेश व्हायचा होता.

कंडक्टर तिकिटं फाडत आला. एक पोर, एक बाई, एक म्हातारा, तिघांनाही अर्धंच तिकीट. "कुठं जायचं?" त्यानं विचारलं.

मोनालीनं तोंड उघडलं, पण मागून आवाज आला. जरा कापरा होता, पण गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा.

"धुळं," ठाकऱ्या म्हणाला. "तीन जन."