नवसाची जोडणी

नकाशात एकच भगदाड उरलं होतं, आणि ते बुजलं तर ओझरच्या विघ्नहराला अकरा नारळ फोडीन, असं गोरखसर सगळ्यांसमोर बोलून बसले होते.

नारायणगावच्या रस्त्यावरची, एका बियाणे कंपनीची ती प्रयोगशाळा. साल २००४. टोमॅटोच्या डीएनएचे हजारो तुकडे यशोधराने एन्झाइमने कापले होते, वीज सोडून जेलच्या थरावर चालवले होते. प्रत्येक तुकड्याचा पट्ट्यापट्ट्यांचा ठसा वेगळा. दोन ठशांत पुरेशा पट्ट्या सारख्या आल्या, की ते तुकडे शेजारी धरायचे आणि असे शेजारी लावत गुणसूत्राचा नकाशा पुरा करायचा. त्यावरच्या शोधनिबंधात तिचं नाव लागणार होतं. त्या नावाच्या जोरावर पीएचडीला जागा मिळणार होती. घोडेगावात तिच्या आईने, बनाबाईने, अर्ध्या आळीला ते सांगूनही टाकलं होतं.

भगदाडाच्या दोन काठांचे ठसे काही केल्या जुळेनात. शेवटी सरांनी संगणकावर बसणाऱ्या हर्षालीला अट सैल करायला लावली. इथे थोड्या पट्ट्या जुळल्या तरी शेजारी धर म्हणाले. संगणकाने मुकाट्याने जोडणी दाखवली. मंगळवारी सगळी मंडळी जीप करून ओझरला गेली. यशोधराला कुणी विचारलं नाही. त्यांच्यात देवाचं चालत नाही, एवढं बोलून विषय मिटवला.

मागे राहिलेल्या यशोधराने काठावरचे दोन्ही तुकडे वेगळ्या एन्झाइमने कापून पुन्हा चालवले. तुकडे ज्यात जोडून ठेवतात त्या वाहक डीएनएची, सगळ्यांनाच असते ती पट्टी सोडली, तर दोघांत सारखं काहीच नव्हतं.

सर कपाळाला शेंदूर लावून परतले. तिने जेलचा फोटो पुढे केला. त्यांनी तो उजेडात धरून नीट पाहिला. कळलं नाही असं नव्हतं.

"नवस फेडून आलोय मी," ते म्हणाले. "आता देवाकडं नारळ परत मागू का?"

हर्षाली तोंडावर ओढणी धरून हसली.

"सर, हे तुकडे शेजारी नाहीत."

"तुम्हाला देव नाही, ठीक आहे. म्हणून दुसऱ्याचा नवस मोडायचा?"

"मग निबंधावरून माझं नाव काढा."

एवढ्यावर तरी ते थांबतील असं तिला वाटलं होतं. सरांनी खिशातलं पेन काढून टेबलावरच्या निबंधाच्या मसुद्यात तिच्या नावावर रेघ ओढली आणि पेढ्यांचा खोका तिच्यापुढे सरकवला. मार्चमध्ये तिच्या नोकरीची मुदत संपली, ती कुणी वाढवली नाही.

दोन वर्षांनी परदेशातल्या एका गटाने नेमका तोच भाग डीएनएच्या अक्षरन् अक्षरासकट वाचून काढला. जोडणी खोटी निघाली. सरांनी खुलासा छापला, की जेलचं काम करणाऱ्या मुलीच्या हातून नमुन्यांची अदलाबदल झाली होती. कंसात तिचं पूर्ण नाव. हर्षालीने फोन करून ते वाचून दाखवलं, आणि मला सांगावंसं वाटलं म्हणून सांगितलं, म्हणाली.

बनाबाई भाकरी थापता थापता कान देऊन होती.

"छापून आलं का गं बाय तुजं नाव?"

"आलं," यशोधरा म्हणाली.