बंद म्हणजे जोडलेलं

वायरमनने उभ्या आयुष्यात हजारावर घरांत वायरिंग केलं होतं आणि त्यातल्या एकाही घरात कुणाला साधा झटका बसला नव्हता. ही गोष्ट कुणी विचारली नाही तरी तो सांगायचा.

काम सोडल्यावर त्याने घरामागच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं. सहा वर्षांत पंख झाले, शेपूट झाली, जुनं पण धड इंजिन आलं आणि त्याच्या नाकावर पंखा बसला. वायरमनच्या खटपटीत तो आडवा थांबला की शेडच्या मागच्या दाराची वाट अडायची, आणि त्या दाराबाहेर कपड्यांची दोरी होती. बायको रोज सकाळी बादली खाली ठेवायची, दोन्ही हातांनी पातं धरून पंखा उभा करायची, बादली उचलायची आणि निघून जायची. विमानाशी तिचा संबंध एवढाच.

वायरमनने खरा जीव ओतला होता तो स्विचच्या बोर्डात. इंजिनात ठिणगी पाडायला दोन मॅग्नेटो, म्हणून दोन स्विच. शेजारी स्टार्टरचं बटण. ते चुकून दाबलं जाऊ नये म्हणून त्याने स्वतःच्या डोक्याने जोडणी केली होती: दोन्ही स्विच ‘चालू’वर असल्याशिवाय स्टार्टर फिरणारच नाही. ‘चालू’ आणि ‘बंद’ ही अक्षरं पत्र्यावर कोरायला त्याला चार दिवस लागले होते.

इंजिन मात्र सुरू होत नव्हतं. तीन आठवडे झाले, बटण दाबलं की पंखा गरगर फिरायचा आणि सोडलं की थांबायचा. त्याने कार्ब्युरेटर दोनदा खोलला, पेट्रोल बदललं, इंजिन विकणाऱ्याचा फोनवर उद्धार केला. रविवारी मेहुणा येणार होता. हा बायकोचा धाकटा भाऊ, विमानांचा तपासनीस. त्याची सही झाली तर विमान उडणार, नाहीतर पुढची तपासणी वर्षाने. आणि वायरमन अडुसष्ट वर्षांचा होता. डॉक्टरने उडायला होकार दिला होता तो याच वर्षापुरता, तोही कागद दोनदा वाचून.

शनिवारी सकाळी बायको भरलेली बादली घेऊन तशीच परत आली.

“अहो, तुमचं विमान खोकलं.”

“काय केलं?”

“खोकलं. पातं फिरवलं तर खॉक म्हणालं आणि हातातून निसटलं.”

“स्विच बंद आहेत.”

“मी कुठे म्हणते चालू होते?”

“बंद इंजिन खोकत नसतं गं.”

“बरं. मग मीच खोकले असेन,” असं म्हणून ती पुढच्या दाराने, घराला वळसा घालून कपडे वाळत घालायला गेली.

रविवारी मेहुणा आला. त्याने विमानाभोवती दोन फेऱ्या मारल्या, आत बसला आणि बोर्डाकडे बराच वेळ बघत राहिला.

“अक्षर सुरेख आहे, दाजी.”

त्याने दोन्ही स्विच ‘चालू’वर टाकले आणि स्टार्टर दाबला. पंखा गरगर फिरला.

“कार्ब्युरेटर,” वायरमन म्हणाला.

मेहुण्याने खाली उतरून, वायर जोडलेली असली की वाजणारा मीटर काढला, त्याची एक पिन मॅग्नेटोच्या वायरीला लावली, दुसरी इंजिनाच्या अंगाला, आणि वायरमनला स्विच खालीवर करायला सांगितलं. ‘चालू’वर मीटर वाजला. ‘बंद’वर गप्प.

“चालू केलं की वायर अर्थला, म्हणजे इंजिनाच्या अंगाला जोडली जाते,” मेहुणा म्हणाला. “आणि बंद केलं की?”

“तुटते. बंद म्हणजे तुटणारच.”

“घरात. मॅग्नेटोला बाहेरून वीज लागत नाही, दाजी. पंखा फिरला की तो स्वतःच ठिणगी पाडतो. त्याचं तोंड बंद ठेवायचं तर वायर अर्थला जोडलेली लागते. तोडली की तो मोकळा.”

वायरमनने स्विच पुन्हा एकदा खालीवर केला. चाळीस वर्षं बंद म्हणजे तोडलेलं होतं.

“म्हणजे तुमचा स्टार्टर फिरतो तो स्विच ‘चालू’वर असतानाच, आणि तेव्हा ठिणगी पडणं शक्यच नाही,” मेहुणा शांतपणे पुढे म्हणाला. “आत बसणाऱ्याला याहून सुरक्षित विमान मी पाहिलेलं नाही.”

“आणि बाहेरच्याला?” बायकोने दारातून विचारलं.

“बाहेर कोण असतं?”

“मी. पंखा उभा करते.”

“कधी?”

“रोज. काल तो खोकलाही. पण यांचं म्हणणं, मीच खोकले.”

मेहुण्याने तिच्या हातांकडे पाहिलं, मग वायरमनकडे. रोज सकाळी ती पातं धरायची तेव्हा स्विच ‘बंद’ असायचे, म्हणजे मॅग्नेटो मोकळे. 

काम दहा मिनिटांचं निघालं. स्विच जिन्याच्या दिव्याला असतात तसे दुहेरी होते. दोन वायरी या टोकावरून त्या टोकावर न्यायच्या, बस्स. विमान अंगणात काढलं, बायकोला लांब उभं केलं. पंख्याच्या दुसऱ्या फेऱ्यालाच इंजिन सुरू झालं आणि शेडचे पत्रे थरथरू लागले. मग वायरमनने दोन्ही स्विच बंद केले. ते थांबलं.

मेहुण्याने कागद काढला, पेन उघडलं.

“यातली एखादी वायर उडताना निसटली तर?” वायरमनने विचारलं.

“इंजिन चालूच राहील. ते बरंच.”

“आणि जमिनीवर?”

“स्विच बंद दिसेल, इंजिन जिवंत असेल. म्हणून पातं नेहमी जिवंत समजूनच धरायचं.”

वायरमनने बायकोकडे पाहिलं. ती बोर्डावरची अक्षरं वाचत होती.

“सही नको करूस आज.”

“दाजी, पुढची तारीख वर्षाने आहे. आणि तुमचा डॉक्टर…”

“ठाऊक आहे मला. दोन वायरी मी उलट्या जोडल्या आणि तीन आठवडे शिव्या कार्ब्युरेटरला दिल्या. उरलेल्या एकेचाळीस कुठल्या डोक्याने जोडल्यात ते मला बघू दे.”

मेहुण्याने पेनाला टोपण लावलं. त्याने आग्रह केला नाही. बायकोने फळीवरून वायरिंगचा नकाशा काढला, पदराने त्यावरची धूळ पुसली आणि उजेडाकडे धरला.

“एक नंबर,” ती म्हणाली, “लाल. बॅटरीपासून निघते. कुठे जाते ते मला वाचता येत नाहीये, तुम्हीच सांगा.”

वायरमनने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पहिला स्क्रू सैल केला.