मागचा गळा

रहाटणीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, त्याला बावीस वर्षं झाली. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की मला नाव आठवत नाही, माप आठवतं. कुणाचा मुंढा सोळा, कुणाला जरासं पोक, कोण दिवाळीला छत्तीस होती आणि लग्नसराईत अडतीस झाली तरी "छत्तीसच धरा हो सुमनताई" म्हणते. मी धरते. आतून दोन इंच शिवण सोडून ठेवते आणि गप्प बसते. चार महिन्यांनी तीच बाई ब्लाउज उसवायला आणते, तेव्हाही गप्प बसते. या धंद्यात हात चालला नाही तर भागतं, तोंड चाललं की गिऱ्हाईक जातं. आणि तोंड आवरणं मला जमतं, असा माझा समज होता.

घरात सून आली आणि दुकानाचं पेज निघालं. प्राजक्ता हिंजवडीत नोकरीला जाते, पण सासूच्या दुकानाचा तिला अभिमान. तिनं मला फोटो टाकायला शिकवलं. आधी मी ब्लाउज हँगरला टांगून फोटो काढायचे. कुत्रंही बघेना. मग ट्रायलला आलेल्या बायकांचे काढायला लागले, पाठमोरे. "वळा जरा, फिटिंग बघू दे" म्हणायचं आणि बघता बघता फोन उचलायचा.

प्राजक्तानं एकदा विचारलं, "आई, त्यांना विचारता ना?"

"चेहरा कुठं दिसतोय? पाठ कुणाची कुणाला ओळखू येते?"

आयुष्यभर पाठी ओळखून पोट भरणारी बाई हे बोलली. आणि माझं मला पटलंही.

इंद्रायणी दोन वर्षांपासून माझ्याकडे यायची. चाकणला वायरिंगच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होती. इकडच्या बऱ्याच कंपन्यांना असते तशी तिला गुरुवारची सुट्टी, म्हणून गुरुवारीच यायची. बोली बीड-परभणीकडची. तिकडं मुलीचं नाव इंद्रायणी कोण ठेवतं? ते नाव आमच्याकडे बसच्या पाटीवर असतं, इंद्रायणीनगर म्हणून. नाव इथं उतरल्यावर घेतलंय, हे मी पहिल्या दिवशी ओळखलं. मोबाइल नंबर मागितला की म्हणायची, "बिघडलाय." दोन वर्षं कुणाचा मोबाइल बिघडलेला राहत नाही. चेहरा कायम स्टोलमध्ये बांधलेला, दुकानात आल्यावरच सोडायची. मी काही विचारलं नाही.

तिचा डावा खांदा अर्धा इंच खाली. हाड मोडून वेडंवाकडं जुळलं की असा उतरतो. "लहानपणी बोरीवरून पडले," म्हणाली होती. मी मापाच्या वहीत लिहिलं आणि त्या बाजूला आतून पट्टी घालून असं शिवायचे, की बाहेरून दोन्ही खांदे सारखे दिसावेत.

ती नेहमी बंद गळा शिवायची. यंदा लाइनवरच्या मैत्रिणीचं लग्न होतं, मोरपंखी साडी घेतली होती, तरी गळा बंदच.

मी म्हटलं, "म्हातारी झालीस का गं? मागनं खोल घेऊ, नऊ इंच. वर गाठ आणि लटकन."

"नको ताई. लै उघडं दिसंल."

आमच्या गाळ्याची मालकीण छबूबाई समोर स्टुलावर बसलेली. मूळची इथलीच, शेतं गेली आणि गाळे आले, तेव्हापासून भाडं घ्यायला महिन्याला एकदा आणि गप्पा मारायला रोज येते. ती म्हणाली, "कापू दे की गं पोरी. आमच्या टायमाला चोळीची गाठ पोटावर मारायचो आमी, तवा कुणी काय म्हनलं न्हाई. तुमी पाठीला भिता व्हय?"

इंद्रायणी हसली. दोन वर्षांत मी तिचे दात पहिल्यांदा बघितले. आणि कात्री चालवली.

ट्रायलच्या दिवशी ती आरशापुढं उभी राहिली. मी म्हटलं, "वळ जरा." वळली. मी फोटो काढला, तिला कळलंही नाही. ब्लाउज घेऊन ती गेली आणि मी फोटो टाकला.

चाळीस हजार लोकांनी ती पाठ बघितली. माझ्या दुकानात एका वेळी तीन बायका मावतात.

खाली नेहमीचंच. किंमत काय, लटकन कुठून आणलं, कुरियर करता का. मी प्रत्येकीला उत्तर देत होते. त्यात एक बैलजोडीचं चित्र लावलेलं खातं. त्यानं लिहिलं होतं, "डावा खांदा अजून उतरतोच."

माझं डोकं फिरलं. बावीस वर्षांत माझ्या खांद्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि हा कोण बैलजोडीवाला? मी तिथल्या तिथं लिहिलं, "शिलाईत दोष नाही. गिऱ्हाईक लहानपणी झाडावरून पडल्यामुळे खांदा मुळात खाली आहे. दोन वर्षं आमच्याकडे शिवतात, एकदाही तक्रार नाही. खात्री नसेल तर रहाटणीत दुकानात येऊन बघा. कंपनीत जाणाऱ्या महिलांसाठी गुरुवारी दुकान दिवसभर चालू."

त्यानं खाली एक बदाम दिला. मला वाटलं, जिरवली.

पंधरा-वीस दिवसांनी, गुरुवारी दुपारी, एक माणूस आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, चपला बाहेर काढून आत पाऊल ठेवलं. माझ्या दुकानात चपला काढून येणारा तो पहिलाच पुरुष. हातात पिशवी. त्यातून नवं कापड आणि एक जुना ब्लाउज काढून टेबलावर ठेवला.

"मावशी, या मापाचा एक शिवायचाय. घरच्यांसाठी."

मापाला जुना ब्लाउज आणणारे नवरे येतात अधूनमधून. बायको बाळंतपणाला गेलेली असते, नाहीतर रुसलेली. मी सवयीनं तो पसरला, टेप लावली. पाठ, छाती, बाही. डाव्या खांद्याशी आले आणि हात थांबला.

मापाची वही उघडायची गरजच नव्हती. मुंढ्याखाली शिवण फाटून हातानं टाके घातले होते, घाईघाईनं, वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं.

"काय झालं मावशी?"

"काही नाही. जुना झालाय. त्यांना घेऊन या ना, नवं माप घेऊ."

"त्या गावाकडं आहेत." मग तो जरा हसला. "गळा कसा ठेवावा, तुम्हीच ठरवा. त्यांना काय आवडतं तुम्हाला ठाऊक असंल."

"मला कसं ठाऊक?"

"तसं नाही. बायकांचं बायकांना कळतं, एवढंच."

छबूबाईनं विचारलं, "कुठलं वो बाबा तुमी?"

"लांबचा आहे आजी. आता इथंच, चाकणला लागलोय कॉन्ट्रॅक्टवर. गुरुवारी सुट्टी असते." माझ्याकडं वळून म्हणाला, "कधी येऊ?"

नाव विचारलं तर रणजीत म्हणाला. पंधरा दिवस लागतील म्हटलं.

"घाई नाही. मी दर गुरुवारी येत जाईन."

तो गेल्यावर माझ्या डोळ्यापुढं ती बैलजोडी आली. आणि तो 'अजून'. ज्यानं आधी बघितलंय, तोच अजून म्हणतो. शिवणीचा दोष काढायला तो आलाच नव्हता. एका बाईची विचारपूस करत होता, आणि मी त्याला गाव, सुट्टीचा वार आणि दोन वर्षांचा हिशेब न विचारता लिहून दिला होता.

संध्याकाळी प्राजक्तानं तो फोटो पेजवरून पुसला. पण उशीर झाला होता. एका लेस-लटकनवाल्यानं तोच फोटो उचलून आपल्या पेजवर लावला होता, खाली भाव. एका मेकअपवालीनं 'नववधू स्पेशल' म्हणून लावला होता. प्राजक्ता एकेकाला विनवण्या करून काढायला लावायची आणि तोवर तिसरीकडे निघायचा. त्यानंतर मी फोन हातात घेतला की कुठं ना कुठं ती उभी असायची. आरशाकडं तोंड, माझ्याकडं पाठ. मी सांगितलं तशी वळलेली.

इंद्रायणीचा नंबर नव्हता, पत्ता नव्हता. पहिल्या शिफ्टच्या परतीच्या बस साडेचारला चौकात थांबतात, एवढं ठाऊक. शनिवारपासून दुकान बंद करून मी चौकात उभी राहायला लागले. छबूबाई म्हणाली, "कुणाला पळवून न्ह्यायचा बेत हाय काय गं सुमन?" सोमवारी एका बसमधून पंधरा-वीस बायका उतरल्या, सगळ्यांचे चेहरे स्टोलमध्ये. मी खांद्यावरून ओळखली.

"ताई? तुमी इथं?"

तिला रसवंतीच्या मागं नेलं आणि सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

ती म्हणाली, "कसा वागला?"

"सभ्य वाटला. चपला काढून आला."

"हां. तोच."

मग म्हणाली, "फोटो दाखवा."

मी लेसवाल्याच्या पेजवरचा दाखवला. तिनं फोन दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ बघितला. मला वाटलं, आता कानाखाली मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

"मी मव्ही पाठ कधी बघितलीच नव्हती," ती म्हणाली. "चांगलं शिवलंत ओ ताई."

माझं उत्तर प्राजक्तानं पुसण्याआधी उतरवून ठेवलं होतं, तेही इंद्रायणीनं वाचलं. झाडाच्या ओळीशी थांबली. "त्याला हसू आलं असंल," म्हणाली.

"आपण पोलिसात जाऊ. मी येते सोबत."

"तक्रारीवर पत्ता लिहावा लागतो, ताई. मागल्या वेळी लिहिला होता."

"मग जाशील कुठं?" आणि लगेच मी तिचा हात धरला. "नको. मला सांगू नकोस."

ती मान हलवून हो म्हणाली, जरा पटकनच. ते मला लागलं, पण बरोबर होतं. मग रस्त्याकडं बघत तिनं विचारलं, "टेलर लोकं एका ब्लाउजला किती दिवस लावतात ओ?"

"मी? चार दिवस."

"दुसरे?"

"दुसरे काय, दसऱ्याचा होळीला देतात."

"मग तुमी बी तसंच करा. तुमच्याकडं येत राहील, तवर दुसरीकडं हुडकणार न्हाई."

स्टोल बांधून ती निघून गेली. गर्दीत पाठमोरी. मी मान खाली घातली, कुठल्या गल्लीत वळली ते बघितलं नाही.

दिलेल्या तारखेला माल देणारी म्हणून माझं नाव होतं. ते मी एका गिऱ्हाइकासाठी घालवायला घेतलं. पहिल्या गुरुवारी अस्तर मिळालं नाही. दुसऱ्या गुरुवारी मशीन बिघडलं. मग कापड धुतल्यावर आटलं. मग माझं बोट कापलं, त्यासाठी खरोखर चिंधी बांधून बसले. तो यायचा, चपला काढायचा, "होतं मावशी, चालायचंच" म्हणायचा आणि स्टुलावर तासभर बसायचा. मोबाइल बघायचा नाही. आत येणाऱ्या बाईकडं तो बघायचा नाही, जाणाऱ्या बाईकडं बघायचा. बायकांना कळतं ते. गुरुवारचं गिऱ्हाईक तुटत गेलं. छबूबाई एकदा त्याच्या तोंडावर म्हणाली, "एवढ्या दिसांत तुमची मंडळी स्वतःच शिवायला शिकली असती की वो."

तो हसला. "शिकलीय आजी. पण तिला जमत नाही."

जाताना मला म्हणाला, "मावशी, तुम्ही हल्ली फोटो टाकत नाही."

"वेळ नसतो."

"टाकत जा. छान असतात."

असे सात गुरुवार झाले. त्याचं कापड मी बेतलं, कापलं, एकेक टाका घालत नेलं, आणि हुकाशी आणून थांबवलं. त्याच्या पावलाचा आवाज मला मशीन चालू असतानाही कळायला लागला. बुधवारपासून जेवण जायचं नाही. वाटायचं, एकदा हा यायचा बंद होऊ दे, छबूबाईच्या ग्रामदैवताला मी नारळ फोडीन.

आठव्या गुरुवारी तो आला नाही.

छबूबाई म्हणाली, "टळली बला. जा, नारळ आन." प्राजक्ता म्हणाली, "शिफ्ट बदलली असेल आई, नाहीतर कॉन्ट्रॅक्ट संपलं असेल." दोघींनी एकेक कारण सांगितलं आणि तिसरं दोघींनीही सांगितलं नाही. मी नारळ आणला नाही. नवव्या गुरुवारीही तो आला नाही. कुणाला विचारू? ती कुठं गेली ते मला ठाऊक नाही, मीच तसं मागून घेतलं होतं. त्याचा नंबर मी मुद्दाम घेतला नव्हता. दुसऱ्या दिवशी साडेचारला चौकात जाऊन बघितलं. बस आल्या, बायका उतरल्या, सगळ्यांचे खांदे सारखे.

काल मी त्या ब्लाउजला हूक लावले, इस्त्री केली, पिशवीत घालून टेबलावर ठेवला. आता कसलंही कारण सांगायचं नाही, येईल त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, घे बाबा, पुढच्यासाठी दुसरं कापड आण. आज दहावा गुरुवार, सकाळी लवकर दुकान उघडलं. स्टूल पुसून ठेवलं. बाहेर चपलांचा आवाज आला की मशीन थांबवते आणि दाराकडं बघते. तो हुडकत असेल तर ती अजून सापडलेली नाही, एवढाच हिशेब माझ्यापाशी उरलाय.

दुपारचे दोन वाजून गेलेत. एव्हाना यायला हवा होता.