मुसकं

चिमट्याच्या टोकाला धरलेली ती पारदर्शक गादी नखाहून लहान होती, मऊ होती, पण चष्म्याच्या फ्रेमला ती बसवता बसवता त्याच्या स्वतःच्या नाकाची दांडी पुन्हा ठणकायला लागली — जिथे कातडी सोलवटली होती, जिथे रोज रात्री तो मास्क येऊन बसायचा आणि सकाळी आपली खूण ठेवून जायचा. आरशात पाहायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं; पण चष्म्याच्या दुकानात माणूस आरसे चुकवून चुकवून किती चुकवणार!

“टोचतोय हो,” समोरच्या म्हातारीनं चष्मा चढवून पाहिला. “इथे, कानामागे.”

“सवय होईल, आजी.”

हे तो उभा जन्म लोकांना सांगत आला होता. डॉक्टरनंही त्याला हेच सांगितलं, याच गोड आवाजात — झोपेत तुमचा श्वास बंद पडतो, हे यंत्र रात्रभर नाकातून हवा ढकलत राहील, सवय होईल. सवय! पोटात वारा भरून ते टम्म फुगायचं, घसा कोरडा ठाक, गालांवर पट्ट्यांचे वळ. आणि तोंड उघडायची सोय नाही, कारण ओठ विलग झाले की नाकातून शिरलेली सगळी हवा भसकन तोंडावाटे बाहेर. बायकोनं पहिल्याच दिवशी त्याला नाव ठेवलं — मुसकं. बैलाला बांधतात तसं.

त्याच्या घोरण्याला कंटाळून ती कित्येक वर्षं पलीकडच्या खोलीत झोपत होती. मुसकं आलं तशी उशी घेऊन परत आली. त्याला केवढा हुरूप आला होता... वेडा! तिनं दिवा मालवला आणि अंधारात तिचा आवाज सुरू झाला, संथ, दळण दळावं तसा. तुमची बहीण मला वाट्टेल ते बोलली तेव्हा तुम्ही पेपर वाचत होतात. माझी नोकरी सुटली तेव्हा तुम्ही हसलात, चारचौघांत... त्यानं एकदा उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर नुसतं फुस्स झालं. ती हसली. “असू द्या. घ्या तुम्ही श्वास.” दिवसा मात्र चकार शब्द नाही. चहा, डबा, येताना साबण आणा.

म्हणून काल दुपारी त्यानं मास्क दुकानात आणला, फ्रेम मऊ करायच्या गरम हवेपुढे धरला आणि त्याची कड जराशी वाकवली. नाकाला लागतोय म्हणून, असं स्वतःला सांगत. पण जन्मात ज्याच्या हातून एक फ्रेम तिरकी गेली नाही, त्याला आपण काय वाकवतोय हे कळत नव्हतं थोडंच! रात्री त्या फटीतून हवा निसटली, थेट डोळ्यांत, आणि मास्क शिट्टी वाजवायला लागला — बारीक, चिवट. तिनं शिट्टीवर आवाज चढवला.

“तुमच्या आई झोपेतच गेल्या असं मी सगळ्यांना सांगितलं. खोटं होतं ते. त्यांनी तुम्हाला हाक मारली होती. तुम्ही घोरत होतात. मी जागी होते, आणि मी — जळलं मेलं ते मुसकं!”

उशी उचलून ती निघून गेली. त्याला हवं होतं तेच झालं.

सकाळी त्यानं विचारलं, “आईचं काय म्हणत होतीस?”

“मी?” चहा गाळता गाळता ती म्हणाली. “मी कुठे काय म्हणाले? ते मुसकं नीट करून आणा आधी. मग येते आत.”

“अहो, किती आवळताय!” म्हातारी कळवळली.

“घट्टच बरा, आजी. सैल राहिला तर पडेल.” तिच्या डोळ्यांत आलेलं पाणी पाहून त्याला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. कान चोळत ती निघून गेली.

मग त्यानं पिशवीतून मास्क काढला, गरम हवा सुरू केली. तिचं ते अर्धवट तुटलेलं वाक्य — आणि मी... काय? उठलेच नाही? की गेले, उशाशी बसले, त्यांचा हात धरला, तुम्ही घोरत असताना?... उठलीच नसेल तर बरं. तो दचकला. आपली आई एकटी, हाका मारत गेली असावी, असं आपल्याला हवंय — म्हणजे आपल्याला हिला उरलेला जन्मभर सुनावता येईल, दिवसाढवळ्या, तोंड उघडून. प्लॅस्टिक मऊ पडलं. वाकवलेल्या जागेवर त्यानं अंगठा टेकवला आणि तसाच उभा राहिला, चेहऱ्यावर काहीच बांधलेलं नसताना ओठ घट्ट मिटून, नाकानं श्वास घेत.