विरलेला पडदा

मंदाताईंच्या डाव्या डोळ्याचा पडदा त्यांच्या बैठकीतल्या खिडकीला टांगलेला होता. उजव्या डोळ्याचा गेल्या वर्षीच सुजून गळून पडला. त्याचं आता नावही नको. उरला होता हा एकच, फिकट बदामी, आणि डोळ्यात सूज चढली की तो मधोमध पाणी धरायचा.

मग मिरजेला जायचं, यंत्रावर हनुवटी टेकवायची, की संगणकावर पडद्याचा फोटो उमटे. "पाणी आहे अजून," डॉक्टरीणबाई म्हणत. तेच थेंब, त्याच गोळ्या, तीच एस.टी. मंदाताईंना बाई अगदी वीट आला होता.

त्यांचे यजमान गजाननराव मात्र हात टेकणाऱ्यातले नव्हते. एका सकाळी त्यांनी बाह्या सारल्या आणि पडदा चांगला घट्ट पिळला. बादलीभर पाणी निघालं.

"अहो, दुखतंय!"

"दुखू दे. हाही डोळा गेला तर मला ओळखशील कशी?"

पुढच्या फोटोत पाणी नव्हतं. गजाननरावांची कॉलर टाईट झाली. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

"पिळलात? अहो, डोळे कधी कोणी पिळतं का? डोळे टिपतात! पार विरलाय बघा मधे. पुन्हा पाणी भरलं की भारानं फाटेल. खालून आधार द्या."

पाणी भरलंच. गजाननरावांनी विरल्या जागेखाली तळहात धरला आणि तिथेच उभे राहिले. मंदाताईंना सगळं घर त्यांच्या बोटांच्या फटींतून दिसू लागलं. त्या त्यांना उभ्याउभ्याच भरवत. "बसा हो जरा," म्हणायची सोय नव्हती. आपल्यापायी माणूस झिजतोय, याचं त्यांना फार वाईट वाटे.

तपासणीला त्या एकट्याच गेल्या. फोटोत पडद्याखाली पाच बोटं स्वच्छ उमटली.

"हे काय?"

"आमचे हे."

"थरथरतायत. कधीपासून उभे आहेत?"

"पाणी आल्यापासून."

"तुम्ही हलू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

संगणकावर अंगठा हळूच खाली झुकला. मग शेजारचं बोट. मग त्याच्या शेजारचं.

"अहो," मंदाताई यंत्रात तोंड घालून म्हणाल्या, "दम धरा हो, निघालेच मी."

तोवर चौथंही झुकलं. एकटी करंगळी तेवढी पडद्याला लागून होती.