शिक्षणाचा रकाना

विभावरीकडे एक निळी फाइल होती आणि घरात कुणी तिची थट्टा केलेली विभावरीला खपत नसे. आत प्लास्टिकचे कप्पे. पहिल्यात लग्नाचा दाखला, दुसऱ्यात तिची बी.कॉम.ची पदवी, तिसऱ्यात मुलीचा, नुपूरचा, जन्मदाखला, आणि प्रत्येकाच्या पाठीवर इतके शिक्के की मूळ कागद कुठला हे शोधावं लागे. ही शिक्क्यांची भक्ती उगाच आलेली नव्हती. नाशिकला तिच्या वडिलांनी लेकीची पदवी कौतुकाने लॅमिनेट करून भिंतीवर टांगली होती, आणि लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का बसत नाही, हे तिला दोह्यात आल्यावर कळलं. दुसरी प्रत काढून, ती सरकारी शिक्क्यांनी अटेस्ट करून हातात पडेपर्यंत चार वर्षं गेली. तेवढा काळ नवऱ्याच्या व्हिसावर ती घरात बसून होती. तेव्हापासून इथे येणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला ती एकच सांगे, की परदेशात माणूस बोलत नाही, कागद बोलतो. त्यांनी विचारलेलं नसलं तरी सांगे.

आता ती दोह्याच्या अल गराफा भागातल्या एका नर्सरीत ऑफिस सांभाळत होती. मुलांच्या फिया, बसचे मार्ग, नव्या माणसांच्या फाइली, सगळं तिच्याच टेबलावर.

जैतून तिला भेटली अल मन्सूरा वस्तीत. नुपूरच्या शाळेच्या स्कर्टची कंबर सैल करायची होती, आणि किराणा दुकानदाराने वरच्या मजल्यावरच्या अफगाण बाईचं नाव सांगितलं. खोलीत एक शिलाई मशीन, एक पलंग, कपड्यांचा ढीग. नुपूर कोपऱ्यात बसून बीजगणिताच्या एका गणितावर कुरकुरत होती. जैतूनने स्कर्टावर खुणा करायचा खडू उचलला, एका चिंधीवर तीन ओळी लिहिल्या आणि चिंधी पोरीपुढे सरकवली. नुपूरने त्या ओळी वाचल्या. मग म्हणाली, ‘आई, शी इज बेटर दॅन अवर टीचर.’

काबूलमध्ये मुलींच्या शाळेत अकरा वर्षं गणित शिकवलेली बाई होती ती. लहानपण पेशावरच्या निर्वासित छावणीत गेल्यामुळे उर्दू चांगलं. दोन हजार एकवीसच्या ऑगस्टमध्ये एका पिशवीनिशी विमानात चढली, आणि इथे इलेक्ट्रिशियन असलेल्या भावाकडे, हमीदकडे, राहिली. राहण्याचा कागद दर वर्षी कसाबसा वाढत होता. या वर्षी मात्र सांगितलं गेलं होतं, महिनाअखेरपर्यंत नोकरी दाखवा. नोकरी मिळाली तर मालक तिचा व्हिसा आपल्या नावावर घेणार. नाही मिळाली तर पेशावरला चुलत्याकडे, जिथे तिच्या लग्नाचं वर्षभरापूर्वीच ठरवून ठेवलेलं होतं. नवरा मुलगा म्हणजे चुलत्याचा भागीदार, वय साठ.

‘आमच्याकडे असिस्टंटची जागा आहे,’ विभावरीने तिथल्या तिथे हिंदीत सांगून टाकलं. मुलांना डबा भरवायचा, हात धुवायचे, झोपवायचं. पगार यथातथा, पण व्हिसा नर्सरीचा.

मुख्याध्यापिका ताहेरुन्निसा मॅडम हैदराबादच्या. जैतूनला त्यांनी तासभर मुलांमध्ये बसवलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, ‘अच्छी है. बच्चे चिपक गए उसकू. फॉर्म भरके भेजो.’ काम झाल्यातच जमा होतं.

आणि इथेच विभावरीने हात दाखवून अवलक्षण केलं. जैतूनने फॉर्म स्वतःच भरून आणला होता, सुवाच्य अक्षरात. शिक्षणाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, बारावी पास. विभावरीला ते पटेना. पदवी असलेल्या माणसाने ती लपवायची? आमच्या नाशिकला बी.ए. झालेला माणूस दारावरच्या पाटीवर बी.ए. लिहितो, वर्ग कुठलाही असो. शिक्के मागून मिळवू, असं म्हणत तिने कोरा फॉर्म काढला आणि स्वतःच्या हाताने ठळक लिहिलं. गणित विषयाची पदवी, काबूल. अकरा वर्षांचा अनुभव. जैतून टेबलापलीकडे बसून बघत होती. काही बोलायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. विभावरीला वाटलं, बिचारीला भरून आलं असेल.

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, फाइल मालकांच्या ऑफिसातून परत आली. शेरा होता, कलम सात. पदवी नमूद केलेली आहे, मूळ प्रत अटेस्टेड नाही. जागा गुरुवारी दुपारी बंद.

मग सुरू झाली वणवण. जैतूनची पदवी कोटाच्या अस्तरात शिवून आलेली होती. घड्या पडल्या होत्या, पण अक्षर न् अक्षर शाबूत. अटेस्टेशनच्या ऑफिसात पहिल्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, यावर आधी काबूलचा शिक्का हवा. काबूलचा शिक्का हवा तर तिथे अर्ज घेऊन घरातल्या पुरुषाने जायला हवं. घरातला एकुलता एक पुरुष इथे दोह्यात, हेल्मेट घालून कुठल्यातरी बांधकामावर वायरी ओढत होता. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं, शिक्का नसेल तर विद्यापीठाचं पत्र चालेल. विद्यापीठाचा फोन लागला, उचललाही, आणि पलीकडच्या माणसाने बाईचं नाव ऐकून ठेवून दिला. तिसऱ्या ठिकाणी एका टापटीप मुलाने विचारलं, शाळेकडून अनुभवाचं पत्र आणता येईल का. विभावरीने त्याला शांतपणे सांगितलं की शाळा बंद आहे. तो म्हणाला, मग उघडल्यावर आणा.

‘उघडल्यावर आणा,’ मंगळवारी संध्याकाळी मदिनत खलीफा भागातल्या आपल्या घरात विभावरी भाजीवर राग काढत म्हणाली. ‘ऐकतोयस ना? भेंडीसारखी चिरून काढावीशी वाटतात ही माणसं. कोण बनवतं रे हे नियम? कुठल्या गाढवाच्या डोक्यातून निघतात?’

तिचा नवरा गुरुप्रसाद गॅस कंपनीत सेफ्टी बघायचा, त्यामुळे नियमांबद्दल तो जपूनच बोले. ‘अगं, काहीतरी घडल्याशिवाय नियम होत नाही,’ तो म्हणाला. ‘पूर्वी कुणीतरी खोटी पदवी दाखवली असेल.’

‘दाखवली होती. आमच्याकडेच. म्हणून काय मुलांची नाकं पुसायला पदवी तपासायची?’

‘तेच म्हणतोय. नाकं पुसायला पदवी लागत नाही, तर पदवी मागितली कशाला?’

या प्रश्नावर तिने त्याला ताटं घ्यायला सांगितलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. बुधवारी सकाळी बसमधून उतरणाऱ्या पोरांची हजेरीही न घेता ती सरळ मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

‘मॅडम, हा शिक्षण मंत्रालयाचा नियम असिस्टंटला कसा काय लागतो?’ तिने हिंदीत विचारलं. ‘मी वर तक्रार करणार आहे. तुम्ही सही द्या.’

ताहेरुन्निसा मॅडमनी चष्मा वर सरकवला. ‘शिकायत किसकी करते?’

‘ज्याने कुणी कलम सात लिहिलं त्याची.’

 मॅडमनी खण उघडून दोन कागद काढले आणि शेजारी शेजारी ठेवले. एक मंत्रालयाचं परिपत्रक. त्यात स्पष्ट होतं, शिक्षकपदासाठी पदवी अटेस्टेड हवी. असिस्टंटचं नावही नव्हतं. दुसरी नर्सरीची भरतीची यादी, बावीस कलमं. सातवं कलम असं होतं: सर्व पदांसाठी, अर्जात नमूद केलेली प्रत्येक पदवी मूळ, अटेस्टेड, लॅमिनेट न केलेली असावी. अपवाद नाही.

यादीच्या तळाशी, बारीक अक्षरात, तयार करणाऱ्याचं नाव होतं. विभावरीचं.

दोन वर्षांपूर्वी खोट्या पदवीचं प्रकरण झालं तेव्हा मॅडमनी तिला यादी करायला सांगितली होती, आणि विभावरीने दोन दिवस बसून ती अशी केली होती की बोट ठेवायला जागा नको. यादी आपण केली हे ती विसरलेली नव्हती. पण सातवं कलम परिपत्रकातून जसंच्या तसं उतरवलं, अशी तिची पक्की समजूत होती. ‘सर्व पदांसाठी’ हे शब्द तिचे होते. ‘लॅमिनेट न केलेली’ हे तर अर्थातच तिचं. चार वर्षं आपण भोगली तर पुढच्यांनी का सुटावं, असं तेव्हा मनात होतं का? तिला आठवेना. आठवावंसंही वाटेना.

‘मी बदलते,’ ती म्हणाली. ‘आत्ता बदलते.’

‘मालिकाँ दस्तख़त किए इसपे. बदलना है तो अर्ज़ी देव, मीटिंग में जाती. मीटिंग ईद के बाद.’ मॅडम कठोर नव्हत्या, पण त्यांनाही नोकरी करायची होती. ‘दूसरा फॉर्म भरो ना, माँ. जो लिखा ही नहीं, उसका काग़ज़ कौन माँगता?’

गुरुवारी सकाळी साडेसातला जैतून आली. इस्त्री केलेला करडा झगा, हातात तीच पिशवी. विभावरीने तिला बसवलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं. नियम कुणाचा, नाव कुणाचं, काही वगळलं नाही. मग कोरा फॉर्म पुढे ओढला. नाव, पत्ता, जन्मतारीख भराभर लिहिलं. शिक्षणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. विभावरीला स्वतःचाच राग आला होता. जिला सगळा आठवडा शिक्के मिळवून द्यायला धावलो, तिची पदवी आता आपल्याच हाताने पुसायची.

जैतूनने हात पुढे करून पेन घेतलं. फॉर्म आपल्याकडे वळवला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, बारावी पास.

‘पहले भी यही लिखा था, बाजी,’ ती म्हणाली. ‘इससे पहले चार जगह डिग्री लिखकर देख चुकी थी.’

‘फिर उस दिन मुझे रोका क्यों नहीं?’ विभावरी जवळजवळ खेकसलीच. ‘पूरा हफ़्ता गया. आज जगह हाथ से निकल जाती तो?’

जैतून पेनाचं टोपण लावत होती. ‘रोकने वाली थी. मगर आप लिख रही थीं, बड़े-बड़े हर्फ़ों में. चार साल से किसी ने वो मेरे नाम के सामने लिखा नहीं था. मैंने सोचा, एक दफ़ा देख लूँ.’

 विभावरीने फॉर्म स्कॅन केला, पाठवला आणि उगाचच प्रिंटरमधले कागद सारखे करत राहिली.

एक वाजायच्या आत होकार आला. फाइल स्वच्छ, हरकत नाही, रविवारपासून रुजू. मॅडमनी खजूर वाटले. जैतूनने हमीदला फोन केला, पश्तूत दोनच वाक्यं बोलली आणि फोन ठेवला. निघताना तिने पिशवीतून घडी केलेली पदवी काढून विभावरीच्या टेबलावर ठेवली.

‘ये आप रख लीजिए. मेरे पास रही तो किसी दिन किसी को दिखा दूँगी.’

घरी जाऊन विभावरीने निळी फाइल काढली. दुसऱ्या कप्प्यात, आपल्या बी.कॉम.च्या मागे, तिने तो कागद घातला. त्याच्या पाठीवर एकही शिक्का नव्हता. नुपूरने विचारलं, ‘हूज इज दॅट?’ तेव्हा तिने सांगितलं, तुझं गणित सोडवलं होतं ना, त्या बाईंचं.

मग ती लॅपटॉप उघडून कलम सात रद्द करण्याचा अर्ज लिहायला बसली. बदलाचं कारण, असा एक रकाना होता. तिने धोरण, सोय, कार्यक्षमता अशा शब्दांची दोन लांब इंग्रजी वाक्यं लिहिली, वाचली आणि खोडली. त्या जागी दोन छोटी लिहिली. हा नियम चुकीचा आहे. तो मी केला होता. खाली तिने आपलं पूर्ण नाव घातलं आणि अर्ज मालकांना पाठवून दिला.