आईच्या नावावरचा बॉक्स

केबलच्या ऑफिसात त्याला सगळे ‘कुलूपवाला’ म्हणत. कोणत्या वाहिनीचं रेकॉर्डिंग होऊ द्यायचं, कशाची नक्कल निघू द्यायची नाही, हे कंट्रोल रूममध्ये बसून तोच ठरवायचा. शेजारच्या केबलवाल्याने या ऑफिसच्या स्थानिक वाहिनीचे कार्यक्रम चोरून दाखवले, तेव्हा त्याने त्या वाहिनीला असं काही कुलूप ठोकलं, की घरच्या सेट-टॉप बॉक्समध्ये रेकॉर्ड करून बघा खुशाल, पण बाहेर काढता म्हणून येणार नाही. त्याच वाहिनीवर त्याची आई शिवणकाम शिकवायची. माझ्या टाक्यांनाही कुलूप का रे, असं तिने हसून विचारलं होतं. स्वारी तेव्हा भलतीच खुशीत होती.

पुढे आई गेली. ऑफिसने जागा हवी म्हणून जुने कार्यक्रम केव्हाच पुसून टाकले होते. उरला तो बाही जोडायला शिकवणारा एकच भाग, बाबांच्या हॉलमधल्या बॉक्समध्ये. त्याची नक्कल काढावी म्हणून त्याने जंग जंग पछाडलं, पण रेकॉर्डिंगला एकदा बसलेलं कुलूप लावणाऱ्यालाही काढता येत नाही. बाबा रोज संध्याकाळी तो भाग लावून बसत. त्यात मध्येच दोरा तुटतो आणि आई स्वतःशीच पुटपुटते, “तुटला मेला.” तेवढ्यावर बाबा दर वेळी हसत. या माणसाने उभ्या जन्मात सुई हातात धरली नव्हती, पण बाही कशी जोडतात ते आता तोंडपाठ होतं.

मग नवी सुरक्षा आली. पूर्वी कुलूप उघडणारी किल्ली बॉक्समधल्या कार्डात असायची. आता ती केबलच्या तारेतूनच बॉक्समध्ये उतरणार होती. नवी उतरली की जुनी पुसली जाणार, आणि जुनी रेकॉर्डिंग्ज कायमची बंद. ग्राहकांना तसं कळवलं होतं. त्याने मात्र बाबांचं नाव शोधून त्यांचा बॉक्स वगळला, पुन्हा तपासला आणि मगच बटण दाबलं.

घरी जाताना जिन्यात त्याच्या लक्षात आलं. बाबांच्या नावावर होता तो झोपायच्या खोलीतला बॉक्स. हॉलमधला आईने पहिल्या मानधनातून घेतला होता, हट्टाने स्वतःच्या नावावर. त्याने तिथूनच बाबांना फोन लावला आणि आईचा भाग लागतो का, विचारलं.

लागतो की, आत्ताच बघितला, असं बाबा म्हणाले. त्याचा जीव भांड्यात पडला. बॉक्स नेमका बंद असेल म्हणून वाचला, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. खात्री करून घ्यायचा धीर मात्र त्याला झाला नाही.

सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी तो बाबांकडे गेला. बाबा नेहमीच्या खुर्चीत बसले होते. समोरचा पडदा काळा होता, आणि त्यावर ‘परवानगी नाही’ एवढंच लिहिलेलं. त्याला बघून बाबा घाईघाईने रिमोट चाचपू लागले. तो त्यांच्या पायाशी बसला आणि त्याला रडूच फुटलं.

“बाबा, मग खोटं का बोललात?”

“तुझा आवाज कापत होता,” बाबा म्हणाले. “आई गेल्याचं सांगताना कापला होता, तसाच. पुन्हा ऐकवला नसता मला.”

त्याने टीव्ही बंद करायला हात पुढे केला. बाबांनी तो धरला आणि राहू दे म्हणाले. दोघंही काळ्या पडद्याकडे बघत बसले. बऱ्याच वेळाने बाबा एकाएकी हसले. दोरा तुटायची वेळ झाली होती.